चिंगूताईचे बंद दशांश

ऑफिसात तिला सगळे चिंगूताई म्हणत, आणि तिला त्याचा कोण अभिमान! तिचं काम होतं सी या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या लायब्ररीचं. आकडे छापणं, वेळ मोजणं अशी रोजची कामं यंत्रांच्या प्रोग्रामना त्यातून आयती मिळतात. कुणी काहीच सांगितलं नाही तर त्यातलं काय चालू आणि काय बंद, ते डिफॉल्ट ही बाई ठरवायची. आणि ठरवायची काय, तर सगळं बंद. छोट्या यंत्रांच्या मेमरीत जागा वाचते ना! दशांश छापायची सोय तर तिने भांडून बंद करून घेतली होती. "ज्याला हवी तो करेल चालू," म्हणायची. "एका ओळीचं तर काम."

रविवारी ती मामाकडे गेली. मामाने जन्मभर शिवणयंत्रं दुरुस्त केली आणि निवृत्त झाल्यावर प्रोग्रामिंगचं खूळ डोक्यात घेतलं. भाचीचीच लायब्ररी वापरून पठ्ठ्याने बदकाची अंडी उबवायची पेटी बनवली. मामीला शब्द दिला होता, पिल्लं निघाली नाहीत तर लॅपटॉप विकून टाकीन आणि पुन्हा नाव काढणार नाही.

ती आत शिरली तर मामा डोळे मिटून बसलेला, पापणीला अंडं टेकवून.

"हे काय रे मामा?"

"ऊब बघतोय. पापणीला बरोबर कळते."

"अरे, पेटीला स्क्रीन आहे की."

मामा ओशाळला. स्क्रीनवर नुसतं 'तापमान' लिहिलेलं, पुढे कोरं. "माझंच काहीतरी चुकतंय. रोज नव्याने लिहून बघतो. इकडे अर्धा अंश कमीजास्त झाला तरी पिल्लांचं काही खरं नाही. तुला विचारणार होतो, पण म्हटलं हसशील. या वयात डोक्यात शिरत नाही हेच खरं."

चिंगूताईने प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला. चूक औषधालाही नव्हती. बंद होती ती तिचीच दशांशाची सोय. ज्याला हवी तो चालू करेल, ठीक. पण ती बंद आहे हे त्या बिचाऱ्याला सांगणार कोण? तो आपला स्वतःलाच बोल लावत बसला होता.

तिने ती एक ओळ लिहिली. स्क्रीनवर सदतीस पूर्णांक पाच उमटलं.

"मामा, तुझं पहिल्यापासून बरोबर होतं. दशांशवाला अख्खा आकडाच मी गिळला होता."

मामा स्वयंपाकघरातल्या मामीकडे तोंड करून म्हणाला, "ऐकलंस का गं, माझं बरोबर होतं."

सोमवारी तिने दशांश डिफॉल्ट चालू करून टाकले. चिंगूताई उधळी झाली म्हणून ऑफिसभर हशा पिकला. "ज्याला जागेची चणचण आहे तो करेल बंद," ती म्हणाली. "त्याला कळतं काय बंद करायचं ते."

पुढे एका सकाळी मामीचा फोन आला. मागे नुसता चिवचिवाट. एक पिल्लू म्हणे मामाच्या चपलेत ठाण मांडून बसलं होतं.

"लॅपटॉपचं काय ठरलं?"

"आता कसला विकतोय," मामी म्हणाली आणि तिचा आवाज खाली आला. "मलाच शिकवायला बसलाय. जमेल का गं मला?"

"न जमायला काय झालं? आणि अडलीस तर आधी मला फोन कर मामी. चूक माझी असेल."