त्याले बोलू देजो नोको

मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी भिलाईत कोहक्याच्या बाजारात वांगी निवडत होते. फोन त्यांच्या धाकट्या भावाचा. "संध्या, ताई गेली वो," एवढंच तो म्हणाला आणि पुढे त्याला बोलवेना. अशा वेळी पायाखालची जमीन सरकते असं म्हणतात... माझं तसं काही झालं नाही. खरं सांगते, मला आधी राग आला. भाजीवाल्यापुढे उभ्या उभ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की आता तो माणूस भाषण करणार. रडू नंतर आलं, घरी, वांगी चिरून पाण्यात टाकताना.

तो माणूस म्हणजे आमच्या इंजिनियरिंग कॉलेजातले विभागप्रमुख. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव छापून आलेलं त्यांना फार आवडतं, आणि त्यांना आवडेल असं काहीही मला या लेखात करायचं नाही. मॅडम म्हणजे शकुंतला लांजेवार. वर्षानुवर्षं त्यांनी पहिल्या वर्षाच्या पोरांना इंजिनियरिंग ड्रॉइंग शिकवलं. वडील भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून इथल्या पोलाद कारखान्यात लागलेले. मॅडम जन्मल्या, वाढल्या भिलाईत, पण मराठी शेवटपर्यंत वडिलांच्या गावचंच. वर्गात हिंदी, फळ्यावर इंग्रजी आणि राग आला की मराठी. राग त्यांना रोज यायचा, त्यामुळे त्यांच्या हाताखालची छत्तीसगढी पोरंही थोडंफार मराठी शिकून बाहेर पडायची.

मी त्यांना शेवटचं भेटले ते दवाखान्यात. नाकाला नळी, आवाज पार बसलेला, पण डोळे तसेच, चुकीची रेघ शोधणारे. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "मी गेली का तो शोकसभा घेईन. भाषण करीन, डोळे पुशीन. त्याले बोलू देजो नोको."

"मॅडम, असं कावून बोलता?"

"मरून राहिली म्हून बोलून राहिली. तू फक्त हाव म्हन."

मी हाव म्हटलं. मग त्या निवांतपणे मोसंबीच्या फोडी खायला लागल्या. मी त्याच कॉलेजात कंत्राटी शिक्षिका, दरवर्षी माझं कंत्राट वाढायचं ते त्याच माणसाच्या सहीनं. मॅडमना हे ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असूनच त्यांनी मला सांगितलं.

आमच्या दोघींचं सूत जुळलं ते एका चुकीवरून. मी खुर्सीपारच्या कामगार वस्तीतली. बाबा कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. शाळेच्या वह्यांना कव्हर घालायला ते कामावरून रद्दी कागद आणायचे, कुठल्याशा परदेशी यंत्राच्या खोक्यातून निघालेले त्या यंत्राचे नकाशे. त्या निळ्या रेघा बघत मी लहानाची मोठी झाले. कॉलेजात पहिल्यांदा ड्रॉइंग काढलं तेव्हा वस्तू वरून कशी दिसते ते चित्र मी कागदावर वरच्या बाजूला काढलं आणि समोरून दिसणारं खाली. आपल्या देशात रिवाज याच्या उलट आहे, वरून दिसणारं खाली काढतात. विभागप्रमुख त्या दिवशी ड्रॉइंग हॉलमध्ये फेरी मारत होते. त्यांनी माझा कागद उचलून सगळ्यांना दाखवला. "रैंक कितनी थी तेरी? कोटे से आई है ना? इन लोगों को ऊपर-नीचे भी नहीं समझता।" हॉल हसला. माझ्या कानात अजून ते हसू वाजतं.

मॅडमनी तो कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. सुट्टीत मला थांबवलं आणि विचारलं, "हे असं कुठून शिकली?" मी बाबांच्या रद्दीचं सांगितलं. त्यांनी चहाच्या टपरीवरून बिस्किटांचं रिकामं खोकं मागवलं, टेबलावर ठेवलं आणि चारही बाजूंनी उलगडलं. खोक्यातल्या वस्तूचं चित्र पलीकडच्या पुठ्ठ्यावर पाडलं की उलगडल्यावर ते कुठे येतं, अलीकडच्या पुठ्ठ्यावर पाडलं की कुठे, हे माझ्या हातानं करायला लावलं. दोन्ही रीती खऱ्या. काही देशांत माझ्यासारखंच काढतात, आणि माझ्या बाबांचे नकाशे तिकडचे होते. "तू चुकली नाईस. तू दुसऱ्या देशाचं काढून राहिली. आता इथलं बी शिक, म्हंजे दोन येतीन. त्याले एकच येते." आणि मग लगेच, "रडू नोको वो. नाक पूस. कागद भिजला तर नवा तुले कोन देईन?"

त्यातून त्यांचा शनिवारचा वर्ग सुरू झाला. ज्याला भीती वाटते त्यानं यायचं, एवढीच अट. खुर्सीपारची, नंदिनी नगरची, आसपासच्या खेड्यांतली पोरं यायची. घरातलं पहिलंच पोर कॉलेजात आलेलं, तोंडातून इंग्रजी शब्द निघत नाही. मॅडम आधी खोकं, साबण, पाना, जे हाताला लागेल ते पुढ्यात ठेवायच्या आणि म्हणायच्या, तुझ्या घरच्या बोलीत सांग हे काय आहे, कसं बनलं असेल. कोणी छत्तीसगढीत सांगायचं, कोणी तेलुगूत. इंग्रजी शब्द सगळ्यात शेवटी. आणि ज्याला आलं त्यानं पुढच्या शनिवारी नव्याला शिकवायचं. न शिकवता पळणाऱ्याला मॅडम भर कॅन्टीनमध्ये गाठायच्या. त्या काही देवी-बिवी नव्हत्या बरं. हात उगारायच्या, टोमणे मारायच्या, एकदा एका पोराची रेघा मारायची टी-स्क्वेअर पट्टी खिडकीतून फेकली होती. पण त्यांच्या हॉलमध्ये कोणाची रँक विचारायची नाही, आडनाव विचारायचं नाही. प्राचार्यांनी एकदा विचारलं तर त्यांनाही म्हणाल्या, "सर, वो बाहर पूछिए।"

विभागप्रमुखांनी या वर्गाचं काय केलं ते आता ऐका. कॉलेज तपासायला समिती आली तेव्हा हा वर्ग म्हणजे आपलीच योजना म्हणून दाखवला. पोरांना रांगेत बसवून फोटो काढले, मॅडमना चहापाण्याची व्यवस्था बघायला पाठवलं. समिती खूश होऊन गेली आणि पुढच्याच शनिवारी हॉलला कुलूप. कारण काय, तर वीजबिल! मॅडम कुलपासमोर पायरीवर वर्ग घ्यायला बसल्या, तर त्यांना पहिल्या वर्षावरूनच काढून परीक्षेच्या कामाला जुंपलं. त्या वर्षी नंदिनी नगरची लता नावाची मुलगी ड्रॉइंगमध्ये नापास झाली आणि कॉलेज सोडून गेली. चुनखडीच्या खाणीतल्या कामगाराची पोर, हात असा की रेघ बघत राहावी, पण प्रश्नपत्रिकेतलं इंग्रजी समजावणारा शनिवारचा वर्गच गेलेला. मॅडम आणि मी तिच्या घरी गेलो तेव्हा ती ब्लाउज शिवत होती. मशीनवरून उठली नाही. "मॅडम, अब नहीं आना मेरे को," म्हणाली.

परतताना बसमध्ये मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मी समजूत घालायला म्हटलं, जाऊ द्या, माफ करून टाका त्या माणसाला, तुमचंच बीपी वाढतं. त्या माझ्याकडे वळल्या. "माफ लतानं करावं. माझ्यापुरतं असतं तं मी कवाच करून टाकलं असतं."

शोकसभा त्याच ड्रॉइंग हॉलमध्ये ठेवली. कुलूप त्या दिवशी बरोबर निघालं! आणि सूत्रसंचालन विभागप्रमुखांनी मलाच सांगितलं. "तुम्हें हिंदी, मराठी, छत्तीसगढ़ी सब आती है, तुम कर लो। मैं अध्यक्ष हूँ, तो सबसे आख़िर में बोलूँगा।" मी मान डोलावली. शेवटी बोलायची त्यांना हौस, कारण शेवटचं बोललेलं लोक घरी घेऊन जातात. मी मात्र त्या क्षणी मनात म्हटलं, मॅडम, हा तर आपणहून आला की हो हातात.

आपल्याकडे शोकसभेची एक रीत आहे, सगळ्यांना ठाऊक असलेली. सगळ्यांचं बोलून झालं की उभं राहून दोन मिनिटं मौन, आणि मौनानंतर कोणी बोलत नाही. चपला घालायच्या आणि घरी जायचं. मंत्री असो की संत्री, मौन झाल्यावर माईक धरला तर लोक तोंडावर थू म्हणतात.

हॉल भरला होता. शनिवारच्या वर्गाची पोरं कुठून कुठून आली होती, काहींच्या कडेवर लेकरं. मी एकेकाला बोलावत गेले. कोणी रेल्वेत, कोणी रायपूरला, एक जण शिक्षक झालेला. सगळ्यांनी मॅडमच्या शिव्या सांगितल्या आणि सगळे हसता हसता रडले. विभागप्रमुख स्टेजवरच्या मधल्या खुर्चीत मान डोलावत होते, मधूनच कोटाच्या खिशातला भाषणाचा कागद चाचपत होते.

सगळ्यात शेवटी मी लताला बोलावलं. मी स्वतः नंदिनी नगरला जाऊन तिला आणलं होतं. ती माईकजवळ आली, हात जोडले. "मैं इंजीनियर नहीं बनी," म्हणाली. "क्यों नहीं बनी, यहाँ सबको मालूम है।" आणि जागेवर जाऊन बसली. दोनशे माणसं एकाच खुर्चीकडे बघत होती.

विभागप्रमुख उठले. खुलासा करायची घाई असणार. कागदही खिशातून काढून झाला होता, घसा खाकरून झाला होता. माईकपर्यंत यायला चार पावलं होती. मी म्हटलं, "आता आपण सगळे उभं राहून मॅडमना मौन श्रद्धांजली वाहू. मौनानंतर सभा संपेल." हिंदीतही सांगितलं, म्हणजे कोणाचा गैरसमज नको.

सगळा हॉल उभा राहिला. त्यांचं तोंड उघडं होतं, ते त्यांनी मिटलं. माना खाली गेल्या तशी त्यांनाही घालावी लागली. स्टेजच्या मधोमध, खुर्ची मागे, माईक पुढे, हातात उघडा कागद. माझ्या कंत्राटाचं पुढे जे व्हायचं ते झालं, त्याबद्दल मला कोणाची कीव नको. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिते... मला सुख वाटलं. भाकरी पोटात गेल्यावर वाटतं तसं.

मौन कधी सुटतं ते सूत्रसंचालकानं सांगायचं असतं. तो 'ओम शांती' म्हणतो, मग लोक हलतात. दोन मिनिटं झाली. बाहेर कारखान्याची पाळी सुटल्याचा भोंगा झाला. कोणाचं तरी लेकरू कुरकुरलं. त्यांनी मान जराशी वर करून माझ्याकडे बघितलं, आता सोड म्हणून. मी डोळे मिटून घेतले आणि उभी राहिले.