दसरूची दारू, माझी तंबाखू

भजन संपते, आरतीचे तबक फिरते, फुटाण्यांचा प्रसाद हातावर पडतो. तरी माणसे लगेच घरी जात नाहीत. टाळ पिशवीत घालता घालता कोणीतरी म्हणतो, "गुरुजी, तो झाडूवाला किस्सा होऊ द्या जी!" मग एका किश्शाच्या पाठोपाठ दुसरा येतो आणि समईतले तेल संपायला येते. चाळीस वर्षे मी या मंडळींसमोर अभंगांचे निरूपण केले. त्यातले एक वाक्य कोणाला आठवत नाही. माझ्या फजित्या मात्र सगळ्यांना तोंडपाठ! विठ्ठलाची तीच इच्छा असेल, तर आपण कोण आड येणार?

मोहाडी तालुक्यातले आमचे गाव. सत्तरच्या दशकात मी तिथल्या प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक झालो आणि विठ्ठलमंदिराच्या भजनमंडळाची वीणाही माझ्याच गळ्यात आली. मंडळात गावचे पाटील टाळ वाजवीत. त्यांच्या टाळापेक्षा त्यांची जीभ अधिक अचूक पडे. मृदंगावर दसरू. दोन एकर धानाचा मालक, सरळ मनाचा माणूस. पण मोहाच्या दारूपुढे त्याचे काही चालत नसे. त्याची बायको सगुणा नाकाडोंगरीची. तिने मला एकदा देवळाच्या पायरीवरच अडवले होते.

"गुरुजी, तुमच्या भजनानं देव भेटत असन तं भेटो. माह्या नवऱ्याची दारू सुटते का, तेवढं सांगा!"

मी तिला शब्द दिला. दारू सोडवीन, आणि तीही उपदेशाने नव्हे, स्वतःच्या उदाहरणाने! संतांनी आधी स्वतः आचरण केले आणि मग लोकांना सांगितले, हे मी फारच मनावर घेतले होते. पुढे जे जे घडले, त्याचे मूळ या एका शब्दात आहे.

*

पहिले उदाहरण झाडूचे. एका सकाळी काकडआरती आटोपून मी कमरेला उपरणे बांधले आणि देवळापासून चावडीपर्यंतचा रस्ता झाडायला घेतला. मनात हिशेब असा, की मुख्याध्यापक झाडतो आहे हे पाहून आज दोघे येतील, उद्या दहा येतील आणि आठवड्यात गाव लख्ख होईल. दसरूलाही पहाटे उठायची सवय लागेल, म्हणजे संध्याकाळचे पाय आपोआप घराकडे वळतील.

लोक आले. ओट्यांवर बसले. पाटलांनी चहा मागवला आणि शांतपणे सूचना केली, "गुरुजी, त्या कोपऱ्यात थोडं राह्यलं जी!"

पाचव्या दिवशी प्रत्येक घरासमोर केराचा एकेक नीटनेटका ढीग दिसू लागला. मला गहिवरून आले. गाव जागे झाले! वाटेत दसरू भेटला. त्याने आदराने हात जोडले आणि विचारले,

"गुरुजी, आमच्या गल्लीत केव्हा येता जी? सगुणानं तीन दिवसांचा कचरा तुमच्यासाठी जमा करून ठेवला हाये!"

*

दुसरे उदाहरण शेतीचे. ग्रामसेवकाने युरियाची पोती आणली, पण गावात कोणी हात लावीना. मी म्हटले, नव्या गोष्टीचे भय घालवायचे तर आपण पुढे व्हावे. दसरूच्या हातात त्या वर्षी चार पैसे अधिक आले, तर त्याच्या मनाची उदासी जाईल, असाही एक भाबडा विचार होता. माझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, मी युरिया टाकला. ग्रामसेवकाने एक पोते सांगितले होते; मी श्रद्धेने दोन टाकली.

धान असे माजले, की बांधावरून जाणारा माणूस थबकून पाही. मी रोज सायंकाळी चार लोकांना मुद्दाम तिकडून फिरवून आणी. लोंब्या भरल्या, एक वारा आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी बांधी जमिनीला टेकून आडवी!

सारे गाव बांधावर उभे. शेवटी पाटलांनी टोपी काढली आणि म्हणाले,

"कायले हळहळता जी? भक्ताघरचं धान हाये. साष्टांग घालून राह्यलं!"

दसरूने त्या वर्षी शेणखतच घातले. त्याला चांगले पीक झाले, त्या आनंदात तो दोन दिवस शुद्धीवर नव्हता.

*

तिसरे उदाहरण मौनाचे. मी एकादशीला मौन पाळत असे. माणसाची निम्मी पापे जिभेवाटे आत जातात आणि उरलेली तिच्याचवाटे बाहेर येतात, असे मी एकदा वर्गात बोलून गेलो. पुढच्या एकादशीला चौथीच्या वर्गातल्या सदतीस मुलांनी मला न विचारता मौन धरले. मला मनोमन धन्य वाटले. आणि नेमके त्याच दिवशी अकरा वाजता तपासणीचे साहेब जीपमधून उतरले!

साहेबांनी मला विचारले, "पट किती?" मी हसून पाटीवर आकडा लिहिला. साहेबांनी वर्गाला विचारले, "सहा साते?" सदतीस चेहरे प्रसन्न, सदतीस तोंडे बंद. "आपल्या जिल्ह्याचे नाव?" पहिल्या रांगेतली मुलगी उभी राहिली, साहेबांना वाकून नमस्कार केला आणि खाली बसली.

साहेबांनी घाम पुसला. शेरापुस्तक मागवले आणि लिहिले, "शिस्त अपूर्व. ज्ञानाविषयी काही कळू शकले नाही."

त्या दिवशी भजनाला मी तो शेरा वाचून दाखवला. सगळे पोट धरून हसले. दसरू मात्र हसला नाही. तो म्हणाला, "गुरुजी, पोरं तुमचं ऐकत नाईत जी. तुमच्याकडं पाह्यतेत. आमीबी पाह्यतो."

त्याला काय म्हणायचे होते, ते मला पुढच्या आठवड्यात कळले.

*

सगुणा माहेरी निघून गेली. जाताना निरोप ठेवला, की दसरूने तीन महिने दारूला हात लावला नाही असे कानावर आले, तरच परत येईन. नाहीतर नाकाडोंगरीलाच धान लावीन, धान कापीन आणि तिथेच मरेन.

मी दसरूच्या घरी गेलो. चूल थंड होती. मृदंग खुंटीला. मी समजावू लागलो. व्यसन म्हणजे काय, देह म्हणजे काय, नामाची गोडी लागली की बाकीच्या गोड्या कशा फिक्या पडतात... बोलता बोलता सवयीने चंची सोडली, डाव्या तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि अंगठ्याने मळू लागलो.

दसरू एकटक माझ्या तळहाताकडे पाहत होता.

"गुरुजी, तुमाले नामाची गोडी लागून किती वरसं झाली जी?"

"तीस."

"मंग ही काहून सुटली नाई?"

देहूपासून पैठणपर्यंतच्या सगळ्या संतांनी त्या क्षणी माझी साथ सोडली! मी चंची त्याच्या थंड चुलीत टाकली. करार झाला. जोवर मी तंबाखू खाणार नाही, तोवर दसरू पिणार नाही. ज्या दिवशी मी खाईन, त्या दिवशी तो मोकळा. पाटील साक्षीदार झाले आणि संध्याकाळपर्यंत गावात दवंडी पिटल्यासारखे झाले. नाकाडोंगरीलाही ही वार्ता दोन दिवसांत पोहोचली.

*

त्या तीन महिन्यांत माझे जे हाल झाले, ते वैऱ्याचेही होऊ नयेत. वर्गात सातचा पाढा मी दोनदा चुकलो. निरूपणात जांभया येऊ लागल्या. घरी आमच्या मंडळींनी फोडणीला मिरची टाकली तरी मी त्यांच्यावर ओरडे. एक दिवस त्या शांतपणे म्हणाल्या, "दसरूची बायको माहेरी गेली ते बरं. आता माझी पाळी दिसते!"

त्यावर दसरूचा पहारा! माझे पाऊल डगमगले तर आपली सुटका, असे मनाशी धरून तो माझ्या मागे लागला असेल, असा माझा समज होता. मोहाडीच्या बाजारात मी पानठेल्यासमोर नुसता रेंगाळलो, तोच पाठीमागून आवाज आला.

"गुरुजी, इकडं भेंडी हाये जी. तिकडं काय पाह्यता?"

"तू इथे कसा?"

"तुमच्यामागं. घरून निंगाल्यापासून."

"मी चुकावे असे वाटते ना तुला?"

दसरूने माझ्या हातातली पिशवी स्वतःच्या हातात घेतली. "वाटते जी. रोज वाटते. मनूनच तं येतो!"

एकदा लग्नाच्या पंगतीनंतर पाटलांनी मुद्दाम पानाचे तबक माझ्यापुढे धरले. "घ्या जी गुरुजी, देवाधर्माच्या कामात चालते!" तबकात सुपारी, कात, चुना आणि मधोमध सुगंधी तंबाखू. माझा हात उठलाही. समोरच्या रांगेतून दसरू जागेवर उभा राहिला आणि भर मांडवात ओरडला,

"पाटील, त्यो हात माह्या बायकोचा हाये!"

वधूपक्ष बराच वेळ एकमेकांकडे पाहत राहिला.

*

तीन महिने पुरे झाले. दसरूने एक थेंब घेतला नव्हता. सगुणेचा निरोप आला, की बाराच्या एसटीने येते.

आता माझे पाप सांगतो. त्या दिवशी सकाळपासून मला स्वस्थता नव्हती. दसरू नवे धोतर नेसून दहापासून थांब्यावर उभा, म्हणजे तीन महिन्यांत प्रथमच माझ्यावर पहारा नाही. मी देवळामागच्या आंब्याखाली गेलो. पुजाऱ्याची चंची देवळाच्या मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात असते, हे मला ठाऊक होते. एक चिमूट. एकच. मळली, ओठाखाली धरली, डोळे मिटले. विठ्ठलाने पाठ फिरवली असेल, पण मी तेव्हा पाहत नव्हतो! मग चूळ भरली, तुळस चावली आणि थांब्यावर जाऊन उभा राहिलो.

एसटी आली. सगुणेने गाठोडे खाली ठेवले; एक पाय मात्र पायरीवरच. दसरू पुढे झाला. तिने त्याचा श्वास हुंगला, डोळे पाहिले. मान हलवली.

"हा आज सुद्धीवर हाये, दिसते मले. पण करार दोघांचा हाये. गुरुजी सुटले असतीन तं हा उद्या सुटन." ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, डावा हात दाखवा जी."

कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला होता. सारे गाव गोळा झालेले. मी हात पुढे केला. तळहातावर, रेषांच्या खाचांत, पांढराशुभ्र चुना.

मी सत्य सांगायला तोंड उघडले. खरेच उघडले होते! तोच दसरू माझ्या आणि तिच्या मधे आला. एका शब्दावर तो मोकळा होणार होता.

"देवळाचा चुना हाये त्यो. सकाळपासून गुरुजी देऊळ रंगवून राह्यले."

सगुणेने पायरीवरचा पाय खाली घेतला. "असं? चाला मंग, पाह्यतो."

एसटी गेली. आम्ही निघालो. वळणावर माझ्या लक्षात आले, की पाटील आमच्यात नाहीत. ते मागच्या बांधावरून, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, वयाला न शोभेल अशा वेगाने देवळाकडे पळत होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा पाटील शिडीवर होते. हातात कुंचला, खाली पुजाऱ्याच्या घरातली चुन्याची बादली, टोपीवर पांढरे शिंतोडे, आणि भिंतीवर सुपाएवढा एकच ओला पट्टा.

"या गुरुजी!" पाटील धापा टाकत म्हणाले. "तुमी गेल्यापासून हातच चालत नाई पाहा!"

सगुणेने त्या पट्ट्याकडे पाहिले. पाटलांकडे पाहिले. माझ्या ओठाकडे जरा अधिक वेळ पाहिले. मग दसरूकडे पाहिले, आणि त्याच्या खांद्यावर आपले गाठोडे ठेवले.

"तुमी घरी चाला," ती नवऱ्याला म्हणाली. "गुरुजीले राहू द्या. त्यायच्या पावणेचार भिंती बाकी हायेत."