आक्काची पाठ

“पुढे चालणाऱ्याचं तोंड मागे असावं.”

हे वाक्य माझ्या थोरल्या बहिणीचं. दिवसातून एकदा तरी ते तिच्या तोंडून निघायचंच, कुणी विचारो न विचारो. नव्या माणसाला वाटायचं, बाई कोड्यात बोलते. पण आमच्या दोराच्या शेडमध्ये आठवडाभर राबलेल्या माणसाला त्यात कोडं दिसत नसे. दोर वळणारा माणूस जन्मभर उलटा चालतो. वाख, म्हणजे पानांतून सोलून वाळवलेले पांढरे तंतू, कंबरेभोवती गुंडाळायचे. त्यांचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवायचं. चाक फिरू लागलं की चाकाकडे तोंड ठेवून, बोटांतून तंतू सोडत, एकेक पाऊल मागे जायचं. माणूस मागे जातो तसा दोर वाढतो.

शेड नदीच्या कडेने गेलेली. रुंदी अशी की दोन माणसं हात पसरून उभी राहिली तर भिंतींना बोटं लागावीत. लांबी मात्र तीनशे दहा पावलं. या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस अंगठ्याएवढा दिसायचा. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली उतरायच्या आणि वाखाचा भुगा त्यांत तरंगत राहायचा, खाली पडायची घाई नसल्यासारखा. त्या उजेडातून आक्का मागे मागे जाताना पाहिली की वाटायचं, ही चालत नाही, झोपेतल्या माणसाला कुणीतरी हळूच दूर नेतंय. डोळे मात्र तिचे टक्क उघडे असायचे, आणि ते आमच्यावर असायचे.

ती माझी सख्खी बहीण, म्हणून मी तिला आक्का म्हणायचो. बाकीचे का म्हणायचे, ते मला ठाऊक नाही. मालकसुद्धा आक्काच म्हणायचे.

सकाळी कामावर आलं की तिला हात दाखवावा लागे. नमस्कार नाही, रामराम नाही, नुसता तळवा पुढे करायचा. ती अंगठा फिरवून बघायची आणि त्या दिवशीचं काम वाटायची. एकाला चिरा पडलेल्या असत, त्याला मऊ वाख. दुसऱ्याचा हात तापलेला असे, त्याला घरी. आमच्यात एक बाई होती, तोंडाला विश्रांती नाही म्हणून तिला सगळे बडबडी म्हणायचे. ती एकदा म्हणाली, “आक्का, एवढा हात बघतेस तर भविष्य तरी सांग.”

“भविष्य नाही कळत मला. काल काय झालं ते कळतं,” आक्का म्हणाली. “काल दुपारनंतर तू धागा हातात धरलाच नाहीस. शेजारणीशी बोलत बसलीस.”

“अगं बाई! ते पण उमटतं का हातावर?”

“हातावर काही उमटलेलं नाही, म्हणून तर कळलं.”

शेड हसली, बडबडी सगळ्यांत जास्त हसली, आणि त्या दिवशी तिने दीडपट धागा काढला.

‘ओढा’ हा शब्द आक्काच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ती ‘ओढू या’ म्हणायची. काम नीट उतरलं की ‘आपण केलं’. बिघडलं की मात्र तिचं व्याकरण बदलायचं. तेव्हा ‘आपण’ कुठे जायचं कोण जाणे, उरायचं ते ‘मी’.

चाकावर होते चाकदादा. उंच, वाकलेले, दोन्ही कानांनी ठार बहिरे. बोलता यायचं, पण आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही म्हणून ते बोलणं टाळायचे. मालकांच्या मनातून ते उतरलेले होते. आक्का म्हणायची, “ऐकू येणाऱ्याचं लक्ष चार ठिकाणी असतं. याचं एकाच ठिकाणी असतं.” ते एक ठिकाण म्हणजे तिचा चेहरा आणि तिचा उजवा हात. हात वर गेला की चाक सुरू, तळवा खाली दाबला की सावकाश. आणि सगळ्यांत मोठा नियम तिनेच घालून दिलेला: माझं तोंड दिसेनासं झालं की चाक थांबवायचं, मग आभाळ कोसळो. वीस वर्षांत तो नियम वापरायची वेळ आली नव्हती.

मग तरीच्या, म्हणजे नदी ओलांडायच्या नावेच्या, दोराचं काम आलं. आमच्या नदीवर पूल नाही. या काठापासून त्या काठापर्यंत दोर ताणलेला असतो, आणि नाव त्या दोराला धरून, हाताहाताने ओढत पलीकडे जाते. म्हातारी माणसं, बाळंतिणी, शाळेची मुलं, सगळी त्याच नावेत. जुना दोर झिजला होता. नवा मनगटाएवढा जाड हवा होता, आणि तरीची माणसं तो घ्यायला दोन दिवसांनी येणार होती.

तीन पेड तयार झाले. आता त्या तिघांचा एक दोर करायचा. पेडांची एका बाजूची टोकं चाकाला, दुसऱ्या बाजूची शेडच्या शेवटी, दगड भरलेल्या गाड्याला. मध्ये तीन खाचांचा लाकडी भोवरा. एकेका खाचेत एकेक पेड. भोवरा धरून उलटं चालायचं. चाक फिरतं, आणि भोवऱ्यासमोर तिन्ही पेड एकमेकांत गुंततात. भोवरा अर्थातच आक्काच्या हातात. झालेला दोर जमिनीला टेकू नये म्हणून आम्ही सहा जण तो खांद्यावर घेऊन, माना वाकवून, तिच्या पावलागणिक पुढे सरकत होतो.

त्या दुपारी वारा होता, पत्रा इतका वाजत होता की चाकाचा आवाज ऐकू येत नव्हता. भुगा डोळ्यांत जात होता. आक्का ओठांतल्या ओठांत पावलं मोजत होती, नेहमीसारखी. कुठे खांब आहे, कुठे जमीन खचली आहे, सगळं तिला मोजणीने ठाऊक. संध्याकाळच्या आत ती गाड्यापाशी पोचली. दोर झाला. बडबडीने टाळी वाजवली. “कसला झालाय! याला हत्ती बांधा, हत्तीच दमेल.”

आक्का हसली नाही. तिने डोळे मिटले, दोर मुठीत धरला आणि मूठ दोरावरून सरकवत चालू लागली. ही तिची रीत. डोळ्यांना दोर फसवतो, मुठीला फसवत नाही. निम्म्यावर येता येता तिची मूठ थांबली. मागे आली. पुन्हा थांबली.

मी जाऊन हात लावला. चार पावलांएवढा दोर मऊ होता. पीळ बसलाच नव्हता. वरून तसाच दिसत होता, आत मात्र तीन पेड तीन अनोळखी माणसांसारखे नुसते शेजारी शेजारी बसलेले.

मालक तिथेच होते. त्यांनी दोर दाबून बघितला आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

“चाक थांबलं होतं. थांबल्याशिवाय असं होत नाही. बहिऱ्याला चाकावर ठेवलं की हेच व्हायचं! माझ्या वडिलांनी दया केली, मीही केली. आता पुरे. उद्यापासून चाकावर दुसरा माणूस.”

तोवर जवळ आलेल्या चाकदादांना शब्द ऐकू आले नाहीत, पण बोट कुणाकडे वळलंय ते दिसलं. चाक थांबलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. का थांबलं, हेही ठाऊक होतं. त्यांनी आक्काकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं, आणि हात कपड्याला पुसले. त्यांना दुसरं काम कोण देणार होतं?

आक्काची मूठ अजून त्या मऊ जागेवरच होती. पत्र्यावर वारा वाजत होता. उन्हाच्या काड्या आता तिरप्या होऊन भिंतीवर चढल्या होत्या. मला ती घटका फार लांब वाटली, शेडइतकी.

“मी मागे वळून पाहिलं,” आक्का म्हणाली.

“काय?”

“मोजणी चुकली, मालक. एकशे साठ झाली की एकशे सत्तर, आठवेना. खांबाला आपटेन अशी भीती वाटली. आजवर कधी वाटली नव्हती. म्हणून मान वळवली आणि तशीच चार पावलं गेले. माझं तोंड दिसलं नाही, म्हणून याने चाक थांबवलं. मीच सांगितलंय तसं. तो चुकला नाही. माझं चुकलं.”

दोर वळताना आमच्या माना दोराखाली होत्या, कुणीच काही पाहिलं नव्हतं. ती बोलली नसती तर कुणाला कळलंही नसतं.

मालक खालच्या आवाजात म्हणाले, “आक्का, चार पावलांचं तर आहे. राहू द्या ना. वरून कुणाला दिसतंय?”

“नाव बरोबर त्याच चार पावलांवर असेल तेव्हा दिसेल.”

“सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही तुमचा.”

“पीळ इथे गेलाय, मालक, म्हणून तर भांडतेय.” ती पहिल्यांदा हसली. “उद्या उजाडलं की उकलू या. आणि चाकावर हाच राहील. बदलायचं असेल तर भोवऱ्यावरचा माणूस बदला.”

मालक भोवऱ्याकडे बघत राहिले. “चाकावर राहू दे त्याला,” ते शेवटी म्हणाले आणि निघून गेले.

सकाळी तिने सगळ्यांचे हात पाहिले. चाकदादांचा हात जरा जास्त वेळ धरला. मग भोवरा उचलून बडबडीच्या हातात दिला.

“मी?” बडबडी दोन पावलं मागे सरली. “अगं आक्का, मला घरात मांजरसुद्धा विचारत नाही!”

“बघ, न सांगता उलटी चाललीस.”

“थट्टा नको करू गं. धाकटा आहे ना तुझा भाऊ, त्याला दे.”

“तो चांगला आहे, पण काम करताना दोराकडे बघतो. तुला बोलायला माणूस लागतो, म्हणून तुझं तोंड कायम माणसांकडे असतं.”

हे माझ्या तोंडावर बोलली. मला लागलं. पण खोटं नव्हतं.

चाक उलटं फिरवून आम्ही त्या मऊ जागेपर्यंत दोर उकलला आणि पुन्हा वळायला घेतला. बडबडी भोवरा धरून मागे मागे जात होती आणि तिच्यासमोर, दोर खांद्यावर घेऊन, आमच्यात पहिली उभी होती आक्का. त्या सगळ्या वाटेत बडबडी एक शब्द बोलली नाही. तिचे डोळे आमच्यावरून फिरत होते, एकेकावर थांबत होते. मधेच तिने तळवा खाली दाबला, चाक मंदावलं, आणि खांदा बदलायला आम्हाला उसंत मिळाली. आक्काने सांगितलं नव्हतं.

या खेपेला आक्काची मूठ कुठेच थांबली नाही. दुपारी तरीची माणसं दोर घेऊन गेली.

मग तिने कंबरेचा वाख सोडला, खुंटीवर ठेवला. मी विचारलं, “कुठे निघालीस?”

“एवढी वर्षं उलटी चालले रे. आपण कुठे चाललोय ते कधी दिसलंच नाही. आता जरा बघते.”

“आणि आम्ही?”

“तुमचे हात पाहिलेत मी,” ती म्हणाली.

ती दारातून बाहेर पडली आणि नदीकाठच्या वाटेने सरळ चालू लागली, साध्या माणसासारखी. आम्ही दारात गोळा झालो. तिची पाठ आम्ही तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. कपड्याला पाठीवर हाताएवढं ठिगळ होतं, दोराच्याच धाग्याने बारीक टाके घालून लावलेलं. कधी लावलं होतं, सख्ख्या भावालाही ठाऊक नव्हतं.

चाकदादा दारात आले नाहीत. ते चाकापाशीच उभे होते, दांड्यावर हात ठेवून. तिथून दारातून वाट सरळ दिसते. तिचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून चाक थांबलेलं होतं.

वळणावर ती अंगठ्याएवढी झाली. मागे न वळता तिने उजवा हात वर केला.

आमच्या मागे चाक फिरू लागलं.