गिरणीच्या पत्त्यावर आलेले अंक

गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षी, जून महिन्यात, माझ्या काकांच्या नावाने इंग्लंडहून एक पाकीट आले. ते आमच्या लालबागच्या चाळीत आले नाही. काका ज्या गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे होते, त्या गिरणीच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या कचेरीत, ते पोचले. काका संपावर होते. गेटच्या आत पाऊल टाकणे म्हणजे संप फोडणे, असा त्या दिवसांत सरळ अर्थ होता.

पाकीट एका मासिकाच्या कचेरीने पाठवले होते. मासिक खेळाचे होते, पण मैदानावरच्या खेळाचे नव्हे. चार-पाच जणांनी बसायचे, कुणी योद्धा व्हायचे, कुणी चोर, कुणी मांत्रिक. एकाने कथा सांगायची: तुम्ही गुहेच्या तोंडाशी आहात, आत अंधार आहे, काय करता? केलेले जमले की फसले हे फाशावर ठरते. या एकाच खेळाला वाहिलेले ते मासिक. त्याचे अकरा अंक मी चिंचपोकळी स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून आणले होते. मी तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो आणि मला चित्रे आवडली होती.

ते अंक आज समोर आहेत. एकाच्या मुखपृष्ठावर सोन्याच्या ढिगावर बसलेला ड्रॅगन आहे. त्याचा चेहरा रविवारी मटण जेवून बसलेल्या माणसाचा आहे. दुसऱ्यावर एक योद्धा बर्फात उघड्या छातीने उभा आहे. या चित्राकडे पाहून आईने त्याला घरी कुणी विचारणारे आहे की नाही, असे विचारले होते. सातव्या अंकाला मुखपृष्ठ नाही. रद्दीवाल्याकडेही ते नव्हते. पुढे घडले त्याला हे कारण झाले.

खेळाचे नियम एका वेगळ्या पुस्तकात होते आणि ते पुस्तक आमच्याकडे नव्हते. वाचकांकडे ते असणारच असे मासिकाने धरले होते. त्यामुळे आम्ही नियम वाचकांच्या पत्रव्यवहारातून गोळा केले. पत्रलेखक एकमेकांशी भांडत, आणि कशावरून भांडतात त्यावरून नियम काय असावा हे कळे. एक वाद चार अंक चालला होता: योद्धा पाठीवर किती सोने घेऊन पळू शकतो. आमच्याच मजल्यावर राहणारे एक फिटर होते, तेही संपावर. त्यांनी रेशनच्या तांदळाचे पोते पाठीवर घेऊन तीन जिने चढून दाखवले आणि दुसऱ्या अंकातला पत्रलेखक खोटे बोलतो असा निर्णय दिला.

वीस बाजूंचा फासा लागत असे. तो मुंबईत कुठे मिळतो हे आम्हाला माहीत नव्हते. फिटरांनी सूत गुंडाळायच्या एका लाकडी बॉबिनला तासून वीस पैलू पाडले आणि प्रत्येकावर आकडा कोरला. बॉबिन कुठून आली हे कुणी विचारले नाही. तो फासा लाटण्यासारखा घरंगळे. आमच्या गॅलरीला नळाकडे उतार होता, त्यामुळे योद्ध्याची तलवार लागली की नाही हे पाहायला सगळ्यांना नळापर्यंत चालत जावे लागे.

खेळायला काका, फिटर आणि काकांच्या खात्यातले आणखी दोघे बसत. इंग्रजी वाचता येते म्हणून कथा सांगायचे काम माझ्याकडे होते. पहिल्या दिवशी मी गुहेच्या दारावर सहा सांगाडे पहाऱ्याला उभे केले. मासिकाच्या मते इथे लढाई अपेक्षित होती. काकांनी तलवार उपसली नाही.

“तेंका पगार किती, तां इचार आधी,” ते म्हणाले.

मासिकात सांगाड्यांच्या पगाराबद्दल काही नव्हते. पगार काही नाही, असे मी सांगितले. पाळी किती तासांची, हा पुढचा प्रश्न होता. मी चोवीस तासांची म्हणालो. पंधरा मिनिटांत गुहेच्या दारावर सभा झाली आणि सांगाडे संपावर गेले. आतले राक्षसही गेले. गुहेचा मालक असलेला मांत्रिक एकटा उरला. तो मीच होतो आणि मला वाटाघाटींचा अनुभव नव्हता. जी मोहीम सहा तास चालेल असे अंकात छापले होते, ती चहा यायच्या आत संपली.

आई स्टोव्हपाशी बसून हे ऐकत असे. एवढी चार माणसे रोज कुठे कुठे जाऊन येतात, तर येताना पाच लिटर रॉकेल आणता येईल का, असे तिने एकदा विचारले. दुसऱ्या दिवसापासून खेळ रॉकेलच्या रांगेत उभे राहून आल्यावर सुरू होऊ लागला.

सातव्या अंकात स्पर्धा होती. वाचकांनी स्वतः रचलेल्या भुयाराचा नकाशा आणि वर्णन एप्रिलअखेरपर्यंत पाठवायचे. पहिल्या क्रमांकाला प्रसिद्धी. आम्ही हे वाचले तेव्हा फेब्रुवारी होता. काका म्हणाले, वेळ आहे.

भुयार म्हणून त्यांनी आपली गिरणीच काढली. माझ्या फिजिक्सच्या वहीतले आलेखाचे कागद त्यासाठी गेले. कापूस फोडण्याच्या खात्यापासून साचेखात्यापर्यंत प्रत्येक खांब आपल्या जागी होता. आडवे सूत नेणारा, दोन मागांमधून उडणारा धोटा हा सापळा होता; तो खरोखर उडतो आणि माणसाचा डोळा घेतो, हे वर्णनात लिहायला त्यांनी मला सांगितले. ड्रॅगन बॉयलरच्या खोलीत ठेवला, कारण फिटरांच्या मते मागांमधल्या वाटेत तो मावला नसता. भोंगा झाल्यावर गेट बंद. उशिरा येणाऱ्या योद्ध्याला आत घेणार नाहीत. संडास कुठे आहेत तेही दाखवले होते. दुसऱ्या कुठल्या स्पर्धकाने ते दाखवले असतील असे वाटत नाही.

मी इंग्रजीत वर्णन लिहिले. खाली सही काकांनी केली, आणि सहीखाली त्यांनी आपल्या हाताने गिरणीतल्या हजेरीचा तिकीट नंबर, खाते आणि गिरणीचा पत्ता लिहिला. चोवीस वर्षांत त्यांनी जे जे अर्ज केले, रजेचा असो की धोतरजोडीचा, ते या तीन गोष्टींशिवाय कुणी हातात घेतले नव्हते. चाळीचा पत्ता पाकिटाच्या मागे होता. पाकीट इंग्लंडमध्ये उघडल्यावर त्याचे काय झाले असेल हे उघड आहे.

चाळीला आणि गिरणीला पोस्टमन एकच. जूनमध्ये त्याने गॅलरीत येऊन सांगितले की विलायतेचे पाकीट होते, पत्ता गिरणीचा होता, म्हणून काल टाइम ऑफिसात दिले. आपण ते अडवायला हवे होते का, असे त्याने विचारले. काकांनी त्याला पाणी दिले.

गिरणी तेव्हा नावापुरती सुरू होती. काही खाती थोड्या माणसांवर चालत, आणि कोण आत जातो हे समोरच्या हॉटेलातून संपकरी पाहत. मी जाऊन पाकीट आणतो असे म्हटले. टाइम ऑफिसातल्या क्लार्कने मला परत पाठवले: परदेशी टपाल आहे, वहीत नोंद झाली आहे, ज्याचा तिकीट नंबर त्याचीच सही लागेल. वही गेटच्या बाहेर जाणार नाही.

त्या संध्याकाळी चौघे बसले. दोन्ही बाजू मांडल्या गेल्या. पाकीट सोडून द्यावे, असे साचेखात्यातला एक जण म्हणाला. नाव एकदा गेले की गेले. मग काकांनी आत न जाता सही करता येईल का, हे नकाशावर पाहू असे सुचवले. नकाशा इंग्लंडमध्ये होता आणि त्याची दुसरी प्रत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास काका गेटवर गेले. सोबत फिटर आणि पाकीट सोडून द्या म्हणणारा साचेवाला असे दोन साक्षीदार होते. मी मागे होतो. मोठ्या गेटात एक छोटा दरवाजा होता आणि त्याखाली लोखंडी पट्टी. पट्टीच्या अलीकडे रस्ता, पलीकडे गिरणी. वॉचमन काकांना वीस वर्षे ओळखत होता. काकांनी त्याला अडचण सांगितली, त्याने क्लार्कला बोलावले, क्लार्कने वही आणली. वही वॉचमनच्या स्टुलावर ठेवली. स्टूल आत, पट्टीपासून हातभर लांब.

काका पायांतल्या चपला पट्टीला टेकवून उभे राहिले आणि कमरेतून वाकले. फिटरांनी मागून त्यांचा सदरा धरला. दुसरा साक्षीदार उकिडवा बसून चपला पाहत होता. सही करताना काकांचा तोल गेला, तेव्हा वॉचमनने त्यांना खांद्याला धरून बाहेर ढकलले.

“भाऊ, अंदर मत गिरो,” तो म्हणाला. “मेरेको रिपोर्ट लिखना पडेगा.”

पाकीट मिळाले. समोरच्या हॉटेलातून सात-आठ जण हे पाहत होते.

संध्याकाळी गॅलरीत चाळीतल्या संपकऱ्यांची बैठक झाली. खालच्या मजल्यावरच्या एकाने मुद्दा काढला की पाय बाहेर होते हे मान्य, पण हात आत गेला आणि त्याने गिरणीच्या वहीत सही केली. तेव्हा हात कामावर रुजू झाला का? कुणी हसले नाही. प्रश्न गंभीरपणे घेतला गेला. साक्षीदारांनी चपलांबद्दल सांगितले. मग काका उठले.

“साचो दोनय हातांनी चलता,” ते म्हणाले. “एका हातान काम होणा नाय.”

काका आत गेले नव्हते, असे एकमताने ठरले. त्यानंतरच पाकीट फोडले. मी पत्र मोठ्याने वाचून मराठीत सांगितले. स्पर्धा चार वर्षांपूर्वी संपली होती. वर्ष मुखपृष्ठावर छापलेले असते, आणि सातव्या अंकाला ते नव्हते. नकाशा कचेरीत सर्वांनी पाहिला, इतके नेमके भुयार पूर्वी कुणी पाठवले नव्हते, मात्र खजिना कुठे ठेवला आहे ते सापडले नाही, ते कळवावे, असे संपादकांनी लिहिले होते.

काकांनी मला वाक्य पुन्हा वाचायला लावले.

“चोवीस वर्सां होतंय थंय,” ते म्हणाले. “माका तरी खंय दिसलो नाय.”

मी तसे कळवले. पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती: बक्षीस देता येत नसल्याबद्दल दिलगिरी म्हणून मासिक वर्षभर विनामूल्य पाठवण्यात येईल, अर्जावरच्या पत्त्यावर.

पत्ता बदलण्याविषयीचे पत्र त्याच आठवड्यात टाकले. त्याचा परिणाम व्हायला सात महिने लागले. तोवर दर महिन्याला पोस्टमन येऊन सांगे आणि काका गेटवर जात. वॉचमन स्टूल आधीच पट्टीजवळ आणून ठेवू लागला. तिसऱ्या अंकाच्या वेळी क्लार्कने तो अंक आधी वाचला होता आणि ड्रॅगनच्या आगीपासून मांत्रिक कसा वाचतो हे त्याला विचारायचे होते. काकांनी बाहेरून, त्याने आतून, अर्धा तास चर्चा केली. खेळायला येऊ का, असे त्याने विचारले. बैठकीने परवानगी नाकारली. तो संपावर नव्हता.

वर्षाचे बारा अंक आले. ते मी या आठवड्यात पुन्हा पाहिले. काकांचा नकाशा त्यांपैकी एकातही छापलेला नाही. पहिल्या सातांवर टाइम ऑफिसचा जांभळा शिक्का आहे, आठव्यापासून नाही. सातव्या अंकाच्या खेपेला चपला पाहणारा साक्षीदार भातकापणीनंतर गावी राहिला होता, म्हणून त्याच्या जागी मी उकिडवा बसलो. काकांचे दोन्ही पाय बाहेर होते.