करंजाखालची खडी

गावदेवीवर माझा विश्वास होता. रस्त्यावर मात्र नव्हता. लग्न होऊन कर्जतजवळच्या आमच्या गावात मी आले तेव्हा घरात बैलगाडी होती. घरचा माणूस कुठवर गेला असेल, केव्हा परतेल, याचा अंदाज बैलांच्या चालीवरून बांधता येत असे. पुढे आमच्या यांनी मोटार चालवायला शिकून घेतलं आणि एका व्यापाऱ्याच्या पार्सलच्या लॉरीवर ड्रायव्हर म्हणून ते लागले. त्या दिवसांत आमच्या भागात मोटारी हाताच्या बोटांवर मोजाव्या एवढ्याच. लोक यांच्याकडे कौतुकाने बघत. मलाही सुरुवातीला अभिमान वाटला. तो फार दिवस टिकला नाही, त्याच्या जागी भीती येऊन बसली.

कर्जत स्टेशनावर पहाटेच्या गाडीने पार्सलं येत. कापडाचे गठ्ठे, औषधांच्या पेट्या, छत्र्या, लग्नाची भांडी, असं काय काय असायचं. ते सगळं उतरवून घ्यायचं, आधी कळंबच्या बाजूला पोचवायचं, परत फिरायचं, मग चौक, खालापूर, खोपोली. खोपोलीत दुकानांचा माल भरून घाट चढायचा, वर तो उतरवायचा आणि तीच वाट धरून माघारी. हे घरातून निघत तेव्हा आमची चंद्रा झोपलेली असे आणि परत येत तेव्हाही झोपलेलीच. एकदा सणाला दुपारचे घरी थांबले, तर पोर माझ्या पदराआड लपली आणि सासूबाईंना विचारू लागली, हे पाव्हणे कधी जाणार. सासूबाई हसल्या. हेही हसले, पण नंतर बराच वेळ अंगणात नुसते बसून राहिले.

पूर्वी लॉरीवर जोडीला एक क्लीनर असे. त्याला मालकाने कमी केलं. तेव्हापासून उतरवणं, चढवणं, गाडी सुरू करायला पुढून हँडल मारणं, सगळं यांच्या एकट्यावर आलं. जेवताना घास हातात धरून यांना झोप लागू लागली. मी हात धरून हलवायची, मग ते दचकून ताटाकडे बघायचे. एके दिवशी त्यांनी एक गोष्ट सांगितली. चौकच्या अलीकडे भर उन्हात रस्त्यात म्हैस बसलेली दिसली, म्हणून करकचून ब्रेक दाबला. हाकलायला खाली उतरले तर म्हैस नव्हतीच. रस्ता मोकळा होता. ही गोष्ट ते हसत हसत सांगत होते. नसलेली म्हैस ज्या डोळ्यांना दिसते, त्यांना असलेली दरी दिसेल कशावरून?

मी सासूबाईंना विचारून मालकाच्या घरी गेले. त्यांच्या बायकोमार्फत आत निरोप दिला की आठवड्यातला एखादा दिवस तरी सुट्टी द्या, नाहीतर क्लीनर परत ठेवा. मालक स्वतः ओटीवर आले. माणूस दुष्ट नव्हता, आवाजही चढवला नाही. शांतपणे म्हणाले, "बाई, मोटार आहे ती, बैल नव्हे. बैलाला थकवा येतो." घरी येईपर्यंत वाटेत मी मनाशी एकच बोलत राहिले, की मोटार थकत नाही हे खरं, पण तिच्यात बसलेला माणूस आहे ना.

मग देवीकडे गेले. गुरवाकडून कौल लावला. देवीच्या दोन्ही बाजूंना फुलं चिकटवली आणि मनात विचारलं, यांना या कामातून सोडवू का, की राहू देऊ? उजवं पडलं तर एक उत्तर, डावं पडलं तर दुसरं. मी किती वेळ हात जोडून बसले होते कोण जाणे. दोन्ही फुलं जागच्या जागी राहिली. गुरव म्हणाला, आज देवी बोलत नाही, पुन्हा ये. त्या दिवशी देवळाच्या पायऱ्या उतरताना माझ्या मनात जे आलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. वाटलं, देवीला ही मोटार कळतच नसेल. ती शेताची, पाण्याची, लेकराबाळांची देवी. या लोखंडाच्या गाडीमागे ती कशाला धावेल?

देवी धावणार नसेल तर मी जाईन, असं मी ठरवलं. यांच्या शेजारी बसायचं, बोलत राहायचं आणि डोळा लागू द्यायचा नाही. हे आधी ऐकेनात. लोक काय म्हणतील, बाईमाणूस लॉरीत कशी बसेल, असं त्यांचं चाललं होतं. सासूबाईंनीच त्यांना गप्प केलं. म्हणाल्या, "तिला जाऊ दे रं. हितं बसून ती रोज थोडी थोडी मरते." चंद्राला त्यांच्याजवळ ठेवून मी निघाले. पोर झोपेत होती. तिच्या कपाळाला हात लावला आणि एकदम मनात आलं, की आज आम्ही दोघंही एकाच गाडीत आहोत. तो विचार मी झटकला, पण दिवसभर तो सोबतच राहिला.

वैशाखाचे दिवस होते. लॉरीच्या पुढच्या भागातून वाफा यायच्या आणि पायाखालचा पत्रा तापायचा. मी सारखी बोलत होते. या गावाचं नाव काय, ती वाट कुठे जाते, ह्या दुकानदाराला मुलं किती. मध्ये मध्ये भाजलेले चणे त्यांच्या हातावर ठेवायची, ओल्या फडक्याने त्यांचा चेहरा पुसायची. त्यांचं काम मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. प्रत्येक ठिकाणी पेटी पाठीवर घेऊन आत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी उशीर झाला म्हणून ऐकून घ्यायचं. खालापुरात एकाने यांना उन्हात ताटकळत ठेवलं आणि नंतर पेटी उघडून बघत बसला. कुणी पाणी विचारलं नाही. खोपोलीत उभ्यानेच भाकरी खाल्ली. माझ्या मनात आलं, ही एवढी वर्षं आपण यांच्या येण्याची वाट बघितली, पण यांचा दिवस कसा जातो हे आपल्याला ठाऊकच नव्हतं.

घाट चढताना घाटाचा राखणदार शिंग्रोबा, त्याच्या देवळाशी यांनी गाडी हळू केली, मी हात जोडले. वर माल उतरवून झाला आणि आम्ही परत उतरायला लागलो. ऊन कलायला अजून अवकाश होता. लहान गिअरमध्ये गाडी घुमत घुमत उतरत होती. माझं बोलणं संपत आलं होतं, म्हणून मी देवीचं नाव घ्यायला लागले, मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं. त्याआधीच्या कितीतरी रात्री मी धड झोपले नव्हते. इंजिनाचा तो एकसारखा आवाज, तोंडावर येणारी गरम हवा आणि देवीच्या नावाची माझीच एकसुरी लय, यात केव्हा माझा डोळा लागला ते मला कळलं नाही. ज्या कामासाठी मी गेले होते, त्या कामात मी अशी झोपून गेले.

जाग आली ती आवाजाने. सुपातून धान्य ओतावं तसा, पण फार मोठा आवाज. डोकं समोर आदळलं. डोळे उघडले तर गाडी दरीच्या बाजूला कललेली, पुढची चाकं खडीच्या ढिगात रुतून बसलेली, आणि माझ्या नजरेसमोर झाडांचे शेंडे. खाली उगवलेल्या झाडांचे शेंडे माझ्या डोळ्यांच्या उंचीवर होते. मी यांच्याकडे वळले. त्यांचे हात स्टिअरिंगच्या चाकावर होते आणि डोळे मिटलेले होते. त्या क्षणी मला वाटलं ते गेले. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं चंद्रा जागी झाल्यावर बघते. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. दोघंही झोपलो होतो आणि गाडी आपली आपण चालली होती.

कुणीतरी माझा दंड धरून मला वरच्या बाजूने बाहेर ओढलं. खडी फोडणारी एक कातकरीण होती, माझ्याच वयाची. हात दगडांनी सोललेले, पण पकड घट्ट. तिने मला कडेच्या करंजाखाली बसवलं आणि पोखरलेल्या वाळक्या भोपळ्यातलं पाणी माझ्या ओंजळीत ओतलं. करंजाच्या फांदीला झोळी बांधलेली होती आणि तीत तिचं तान्हं रडत होतं. एवढ्यात रस्त्याच्या कामाचा मुकादम धावत आला. आम्ही जिवंत आहोत हे बघितलं आणि मग तिच्यावरच ओरडू लागला, की खडी डोंगराच्या बाजूला टाकायची असं सकाळी बजावलं होतं, दरीच्या कडेला ढीग कुणी करायला सांगितला? बोलता बोलता त्याचं लक्ष ढिगात रुतलेल्या चाकांकडे गेलं, चाकांपुढच्या मोकळ्या कड्याकडे गेलं आणि तो मध्येच थांबला.

मी तिला विचारलं, खडी इथे का ओतलीस, कुणी सांगितलं का?

"कुनी नाय," ती म्हणाली. "तिकडं ऊन व्हतं. हितं झाडाला झोळी बांधलेली. पोराजवळ सावलीत बसून खडी फोडावी म्हनलं."

"आणि गाडी आली तेव्हा कुठे होतीस?"

तिने ढिगाकडे बघितलं. चाकं जिथे शिरली होती तिथेच तिची हातोडी अर्धी दबलेली दिसत होती. "तितंच बसले व्हते," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरगं रडलं, म्हून उठले."

तोवर मी आमच्या दोघांच्याच जिवाचा विचार करत होते. मी उठून त्या झोळीतल्या लेकराच्या पायाला हात लावला. का लावला ते सांगता येणार नाही.

रस्त्यावरच्या माणसांनी दोर लावून गाडी मागे ओढली. तिचं पुढचं तोंड चेपलं होतं. यांनी ती परत चालवली नाही. मुकादमाकडे निरोप ठेवला आणि आम्ही दोघं चालत घाट उतरलो. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं मिळून असे कधी चाललो नव्हतो. वाटेत ते एकदाच बोलले. म्हणाले, "मी तुलाही दरीत घेऊन गेलो असतो गं." मी त्यांच्या आणखी जवळून चालत राहिले. मालकाने दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला, तेव्हा यांनी नाही म्हणून सांगितलं. पुढचे काही महिने ओढाताणीचे गेले. मग भिवपुरीच्या वीजघरात पाळीचं काम मिळालं. भोंगा झाला की हातातलं काम दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि घरी यायचं. चंद्रा पहिले काही दिवस त्यांच्याकडे लांबूनच बघायची. नंतर संध्याकाळी वाटेवर जाऊन उभी राहू लागली.

घाटातल्या त्या दुपारनंतर पंधरवड्याच्या आतच मी देवीची ओटी घेऊन देवळात गेले आणि तिथून, सासूबाईंना सांगून, दुसरी ओटी घेऊन घाटाखालच्या कातकरवाडीत. त्या खडी फोडणारीचं नाव ठमी. तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खण नारळ तिच्या पदरात घातला. ती संकोचून म्हणाली, "मी काय केलं बाय? मी तर सावलीला बसले व्हते." मी तिला नमस्कार केला. तिच्या सासूने मला उठवलं. गावात यावरून थोडी कुजबुज झाली, मी ती ऐकून घेतली.

हा चमत्कार होता का, असं मला नंतर अनेकांनी विचारलं. मला ते ठरवता येत नाही. रस्त्याच्या कामावर खडी असतेच, आणि आई लेकराजवळ बसतेच. मी एवढंच जाणते की त्या दुपारी आम्हा दोघांना जागं ठेवायला मी माझी सगळी शक्ती लावली होती आणि ती पुरली नाही. आम्हाला ज्याने वाचवलं, ते एका दमलेल्या बाईचं सावलीत टेकणं होतं. देवी मोटारीमागे धावणार नाही असं मी म्हटलं होतं. ती आमच्या आधीच तिथे होती, आणि लेकराला बरोबर घेऊन होती.

भीती काही एका दिवसात गेली नाही. घाटात मोटारीचा भोंगा वाजला की आजही हातातलं काम थांबतं, आणि त्या गाडीत जो कुणी बसला असेल त्याच्यासाठी मी हात जोडते. पण राखण करायचं ओझं मी खाली ठेवलं आहे. आता रात्री अंथरुणाला पाठ टेकली की मी फक्त एवढंच म्हणते, "आई, मी निजते. तू जागी आहेस."