एल-आयवर अडलेलं मशीन

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींना हसणाऱ्यांपैकी मी आहे. वर्ध्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन 'आपोआप' काही करत नाही, हे मी रोज गिऱ्हाईकांना ऐकवत असते. तरी हे लिहून ठेवतेय...

हिंगणघाटच्या एका जिनिंग मिलमध्ये रुईच्या गाठी बांधायचं प्रेस एका जुनाट लिनक्स कॉम्प्युटरवर चालतं. चालू झाला की तो आधी प्रेसचा लोखंडी दट्ट्या रुई दाबायच्या खोल पेटीत पार खाली नेऊन वर आणतो, मग पुढचं काम. त्याची हार्ड डिस्क घरघरायला लागली, म्हणून मी तो दुकानात आणून मोठी डिस्क बसवली. यात एक मेख असते. इतक्या जुन्या मशीनला सुरू होताना डिस्कचा फक्त सुरुवातीचा भाग वाचता येतो. लिनक्सची मुख्य फाइल त्यापलीकडे गेली की संपलं! म्हणून अगदी पुढे एक छोटं पार्टिशन करून ती फाइल तिथे ठेवायची. मी तसंच केलं. दुकानात मशीन दरवेळी सुरळीत सुरू झालं.

दुपारी मिलमध्ये पोचले. कॉम्प्युटरची जागा काचेच्या केबिनमध्ये, ती पेटी तिथून दिसत नाही. मालक मनोजभाऊंनी मॉनिटरवर पडलेला कोणाचा तरी डोक्याला बांधायचा दुपट्टा उचलला, त्यानेच माझी खुर्ची झटकली, "बसा मॅडम" म्हणाले आणि दुपट्टा खिडकीत टाकला.

मी बटण दाबलं. लिलो, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, आपलं नाव एकेक अक्षर करून पडद्यावर लिहितो. अडला तर नाव अर्धवटच राहतं. 'एल' आलं, 'आय' आलं... आणि बस.

"काऊन हो मॅडम, चालू होऊन नाई राह्यलं?"

"होईल भाऊ, थांबा."

रिसेट. परत एल, आय. सीडी टाकून तपासलं — फाइल पुढच्याच पार्टिशनमध्ये, हवी तिथेच. पुन्हा रिसेट, पुन्हा तेच. इतकी चिडले की मशीनला शिवी हासडली.

तेवढ्यात मिलमध्ये काम करणारी शोभाबाई दारात आली. खिडकीतला दुपट्टा बघून ती किंचाळलीच.

"दुपट्टा कोनं काढला जी? आमचे हे आत हायेत न!"

पेटीत अडकलेली रुई काढायला कोणी उतरलं की तो आपला दुपट्टा मॉनिटरवर टाकतो. दुपट्टा असेपर्यंत मशीनला कोणी हात लावत नाही. मनोजभाऊ नुकतेच वडिलांच्या जागी बसलेले, त्यांना हे माहीतच नव्हतं. आत तिचा नवरा गजूभाऊ होता.

मेन बंद करायचंही कोणाला सुचलं नाही. आम्ही तिघं पेटीकडे धावलो. गजूभाऊ अंगभर रुई घेऊन चढून बाहेर आला. "काय झालं?" शोभाबाईने त्याला हाताला धरून ओढलं... आणि दट्ट्या चालवणारा पंप घुमला.

दट्ट्या रिकाम्या पेटीत उतरला. सावकाश, अगदी तळापर्यंत.

केबिनमध्ये कोणीही नव्हतं. मी परत गेले तेव्हा पडद्यावर लॉगिन आलेलं होतं. एल-आयवर अडकलेलं मशीन रिसेट केल्याशिवाय पुढे सरकत नाही. कधीच नाही. बाहेर शोभाबाई नवऱ्याचे हात चाचपत रडत होती, आणि ते रिसेटचं बटण मी रागारागाने पुन्हा पुन्हा दाबलं होतं.

नंतर डिस्क तपासली, केबल बदलली, जाणकारांना विचारलं. कोणी म्हणालं लूज कनेक्शन. असेल... पण ते गजूभाऊचा पाय बाहेर पडेपर्यंतच कसं टिकलं, हे कोणालाच सांगता येत नाही.

परवा मनोजभाऊंचा फोन आला. खुशीत होते. "मॅडम, आता एकदाही अडकलं नाई पाहा!"

मी बरं म्हणून फोन ठेवला. आता अडत नाही, याचीच मला भीती वाटते.