वेल कापल्याचा दंड

तारीख बावीस नोव्हेंबर. खर्च तीन लाख अठरा हजार चारशे रुपये, आणि शहरातल्या संस्थेच्या हिशेबात कारण लिहिलं होतं, 'रान राखणाऱ्यांचा सन्मान'. मंडप, जेवण, दोन बसगाड्या, शहरातले साहेब. रान राखणारी आत्या मात्र मागे उभी होती. खुर्च्या पाहुण्यांनाच पुरल्या नव्हत्या.

ओढ्याच्या उगमाकडचं जुनं रान वस्तीने बंद ठेवलं होतं. वाटेवर दोन झाडांमध्ये एक वेल आडवी बांधलेली असे. वेल शाबूत तोवर आत कुऱ्हाड न्यायची नाही. तुटली की रान सगळ्यांना खुलं. पुन्हा बांधायची तर सगळ्या घरांनी एकत्र बसून होकार द्यायचा. म्हणून वेल सुकायला लागली की आत्या शेजारी दुसरी बांधायची, मगच जुनी सोडायची. लाकडाचा वखारवालासुद्धा हे पाळायचा. मनातून नव्हे, वस्तीशी वाकडं नको म्हणून.

आत्याचा भाचा संस्थेत कारकून. त्याने साहेबांना सांगितलं, वाटेवर वेल आहे, छान दिसते. पुढचं सांगायचं राहिलं. साहेबांना ती उद्घाटनाची फीत वाटली. कात्री चालली, टाळ्या पडल्या. आत्या गर्दीतून पुढे येईपर्यंत वेलीची टोकं खरकट्या पत्रावळींत लोळत होती.

"आत्या, तोंड पाडू नकोस," भाचा म्हणाला. "फोटोपुरतं होतं. बांधून टाक परत."

"मी एकटीने बांधली तर कपडे वाळत घालायला होईल. रान राखायला नाही."

सगळी घरं एकत्र बसवायची तर माणसं हवीत. कार्यक्रम उरकताच निम्मी वस्ती त्याच बसगाड्यांतून संस्थेचं प्रदर्शन बघायला शहरात गेली होती, ती परतली तिसऱ्या दिवशी. खुर्च्या फुकट देणारा वखारवाला पहिल्या रांगेत होता. त्याने सगळं पाहिलं होतं. दुसऱ्या सकाळी त्याच्या करवती रानाच्या तोंडाशी आल्या. आत्या वाटेत आडवी उभी राहिली.

"मावशी, वेल कुठाय?" त्याने अदबीने विचारलं.

ती बाजूला झाली.

अकरा जुनी झाडं गेली. ओढा गढूळ झाला, वर भुशाचा थर. संस्थेच्या अहवालावर कात्रीचा फोटो छापून आला. भाच्याने आणलेली प्रत आत्याने हात न लावता काठीने दाराबाहेर लोटली.

माणसं परतल्यावर सगळी घरं एकत्र बसली, वेल पुन्हा बांधली. कापणाऱ्याने वस्तीला दंड द्यायचा, हाही नियमच. साहेब म्हणाले, मागणी लेखी पाठवा. पाठवली.

दंड दोनशे चाळीस रुपये. अजून आलेला नाही.